एक्केचाळीस सेंटिमीटर

पहाटे तीन चाळीस. स्वयंपाकघरात लॅपटॉप,
बाहेर उणे सत्तावीस.
हिएतायार्वीवरच्या बर्फाची जाडी सांगणारं पान,
नगरपालिकेचं, म्हणजे माझंच,
एवढंच म्हणतंय: पाचशे दोन.

दारवान जागा आहे.
प्रमाणपत्र ताजं, चारशे त्रेचाळीस नंबरच्या दारात उभा,
येईल त्याला नम्रपणे सांगतोय,
आत हाक मारली, कुणी ओ देत नाही.

साडेपाचला उर्पो टपालाची गाडी घेऊन
तळ्याच्या काठाशी येणार.
आकडा दिसला तर बर्फावरून,
नाही तर वळसा, सत्तर किलोमीटर,
अंधारात, रेनडिअर चुकवत.

संध्याकाळी मीच कंटेनर बदलला होता.
नवी आवृत्ती आली होती.
शुक्रवार होता.
(शुक्रवारी असलं काही करू नये
हे मी इतरांना शिकवते.)

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून,
म्हणून आधी आड पाहिला.
कंटेनरच्या आत शिरले, आतूनच विचारलं.
लख्ख उत्तर आलं: एक्केचाळीस सेंटिमीटर,
मोजणारा तेर्हो, काल दुपारी दोन,
लव्हाळ्याच्या बेटापासून शंभर पावलं.
म्हणजे पाणी होतं की. काठोकाठ.
पोहराच पोचत नव्हता.

लॉग वाचत गेले.
सगळं सुरळीत. सगळं सुरळीत. सगळं सुरळीत.
तिसरी कॉफी.
मग ती ओळ, इतकी साधी की नजर दोनदा घसरली:
ऐकतो आहे, एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
म्हणजे स्वतःच्याच पत्त्यावर.
चार भिंतींत बसून फक्त आपलं आपण.
बाहेरची हाक कानावर पडणारच नव्हती,
आणि त्याला वाटत होतं,
आज कुणी आलंच नाही.

आमच्या घरात हे काही नवं नाही.

चार शून्यं लिहिली, मध्ये तीन टिंबं.
जो हाक मारेल त्याचं ऐक.
कंटेनर मोडला, दुसरा उभा केला.
मोडताना हात कधी कचरत नाही;
जपायचं ते बाहेर ठेवलेलं असतं, वेगळ्या कप्प्यात:
तेवीस हिवाळ्यांची मापं,
पहिली एकोणीस बाबांच्या वहीतली,
पेन्सिलची, ओल्या हातमोज्यांनी पुसट झालेली,
मी एका उन्हाळ्यात टाइप केलेली.
त्यांनी तेव्हा विचारलंही नव्हतं, कशाला.

चार वाजून सहा मिनिटं. पान उघडलं.

हात लागलाच आहे तर आणखी एक ओळ घातली,
वर्षभर राहून गेलेली, दारवानासाठी:
आलेल्याचा खरा पत्ता आत कळव.
आजवर माझ्या ॲपला येणारा प्रत्येक जण
एकाच चेहऱ्याचा दिसे, दारवानाच्या.
त्यात एक भेट रोजची, पहाटे चारच्या सुमाराची,
नाताळलासुद्धा खाडा नाही.
माणूस इतका नेमाचा नसतो,
म्हणून मी तिला बॉट समजून सोडून दिलं होतं.

चार अकरा. टपालखात्याचा फोन. उर्पो.
चार चौदा. जुना टॅबलेट, म्हातारा ब्राउझर,
आणि पत्ता.
मी पुन्हा वाचला.
तो आमच्याच राउटरचा होता.

वर फळी करकरली.
मी जिना चढले नाही. दिवा मात्र विझवला नाही.

आठला बाबा खाली आले,
कॉफी ओतून घेतली, खिडकीशी उभे राहिले,
जणू काळोखात तळं दिसतंय.
मग म्हणाले, तेर्हो भोक तिरकं पाडतो, आउने.
एक्केचाळीस नाही. एकोणचाळीस धर.

मी म्हटलं, उर्पोला कळवायला हवं.

कळवलं मी, ते म्हणाले. फोन करून.
तुझं पान उघडत नव्हतं ना, तेव्हा.